ओलं यीस्ट की ड्राय यीस्ट? सुरुवात करणाऱ्यांनी उगाच डोकं खाऊ नका

पावाच्या व्हिडिओत मी यीस्टबद्दल दोन मिनिटं बोललो, पण विषय दोन मिनिटांचा नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. "सर, ओलं यीस्ट घेऊ की ड्राय?" आणि पाठोपाठ दुसरा, "मोठ्या बेकरीवाले तर ओलंच वापरतात, मग आम्ही का नको?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच दुकानात जाऊ शकतील. घरून पाव, बन, पिझ्झा बेस किंवा डोनट विकायला सुरुवात करताय? पहिलं वर्षभर इन्स्टंट ड्राय यीस्टच वापरा. ओल्या यीस्टच्या वाटेला जाऊ नका. खप वाढला, रोजचा झाला, की मग बघू.

आता कारणं. आणि हो, माझ्या दुकानात दोन्ही प्रकार विकायला असतात, त्यामुळे एकाची जाहिरात करून मला वेगळं काही मिळत नाही. उलट ओलं यीस्ट घेणारं गिऱ्हाईक दर आठवड्याला दुकानात येतं, ड्राय घेणारं महिन्याने. धंद्याच्या हिशोबाने मी तुम्हाला ओलंच सांगायला पाहिजे!

आधी बिअरचा विषय संपवू

यीस्ट म्हटलं की दर बॅचमध्ये एक-दोन पोरं मागच्या बाकावरून विचारतात, "सर, यानंच घरी बिअर करता येते ना? त्याचा धंदा?" परदेशातले व्हिडिओ बघून हे डोक्यात येतं, यात पोरांची चूक नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी स्वतःपुरती बिअर करायला मोकळीक मिळाली आणि तिथे तो मोठा छंद झाला. त्या लोकांतही हाच वाद आहे, लिक्विड यीस्ट की ड्राय. लिक्विडमध्ये व्हरायटी भरपूर, पण ते फ्रीजमध्ये जपायला लागतं, ताजं असावं लागतं, बऱ्याच वेळा आदल्या दिवशी वेगळं वाढवून घ्यावं लागतं. ड्रायचं पाकीट फोडलं, टाकलं, काम सुरू. म्हणून तिथले बरेच जाणकार सुद्धा नवख्याला ड्रायच घ्यायला सांगतात.

पण आपण महाराष्ट्रात राहतो. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे. बिअरही त्यातच आली. "घरच्यापुरती", "थोडीशी", "फक्त ट्रायल" असली सबब चालत नाही. त्यामुळे घरी बिअर करून विकायचा विचार डोक्यातून काढून टाका.

वाईट वाटून घेऊ नका. पाव फुगवणारं यीस्ट आणि एल प्रकारची बिअर करणारं यीस्ट हे मुळात एकाच जातीचे जीव, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. साखर खायची, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडायचं, एवढंच त्यांचं काम. पावात गॅस पिठात अडकतो आणि पाव फुगतो, अल्कोहोल भट्टीत उडून जातं. कोल्हापुरात यीस्टवरचा खरा धंदा इथेच आहे. सकाळी मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड लागतो, संध्याकाळी वड्याबरोबर पाव लागतो, पोरांना बर्गर बन लागतात. गिऱ्हाईक आहे, रोज आहे.

हे दोन प्रकार नेमके आहेत काय

ओलं यीस्ट म्हणजे फ्रेश किंवा कॉम्प्रेस्ड यीस्ट. साबणाच्या वडीसारखा, फिकट पिवळसर रंगाचा ठोकळा. बेकरीला लागणारा ठोकळा सहसा ५०० ग्रॅमचा. त्यात साधारण ७० टक्के पाणीच असतं, बाकी जिवंत पेशी. जिवंत आणि ओल्या आहेत म्हणून त्या लवकर खराब होतात. २ ते ४ अंशात फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि कारखान्यातून निघाल्यापासून तीन-चार आठवड्यांत संपवायचं.

ड्राय यीस्ट म्हणजे त्याच पेशी वाळवून केलेले बारीक दाणे. पाणी जेमतेम ५ टक्के. पेशी मेलेल्या नसतात, झोपलेल्या असतात. पाणी मिळालं की उठतात. हवाबंद पाकीट न फोडता बऱ्याच कंपन्यांचं दोन वर्षांपर्यंत टिकतं, तेही फ्रीजशिवाय, थंड कोरड्या जागी.

ड्रायमध्ये पुन्हा दोन उपप्रकार आहेत, आणि इथे नवीन माणूस फसतो. "ॲक्टिव्ह ड्राय" आधी कोमट पाण्यात भिजवून जागं करावं लागतं. "इन्स्टंट ड्राय" थेट मैद्यात मिसळता येतं. मी या लेखात ड्राय म्हणतो ते इन्स्टंट. पाकिटावर हा शब्द वाचूनच घ्या. रेसिपी एकाची आणि पाकीट दुसऱ्याचं, असं झालं की पाव का फुगला नाही हे शोधत बसायला लागतं.

एकाच गोष्टीची चार रूपं

थोडा इतिहास सांगतो. परीक्षेसाठी नको, धंद्याचा निर्णय त्यातून कळतो म्हणून.

पूर्वी यीस्ट विकत मिळायचं नाही. युरोपात पाववाले बिअर करणाऱ्यांकडून वरचा फेस आणायचे आणि त्यावर पीठ फुगवायचे. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला, पण यीस्ट कुठून आणणार? मग तिथल्या पोदेरांनी माडाची सूर वापरली. सुरेत यीस्ट नैसर्गिकपणे असतंच. म्हणजे आपल्या शेजारचं सगळ्यात जुनं "लिक्विड यीस्ट" म्हणजे ताडगोळ्याची नव्हे, माडाची ताजी सूर! चव छान, पण रोजची सूर वेगळी. ऊन वेगळं, माड वेगळा, पाव वेगळा. आज बहुतेक पोदेरही कारखान्यातलं यीस्ट वापरतात.

एकोणिसाव्या शतकात दाबून केलेला ठोकळा आला. अमेरिकेत फ्लाइशमन बंधूंनी १८६८ मध्ये त्याचा कारखाना काढला. आता दर वेळी सारखा माल मिळू लागला, पण अट एकच, गिऱ्हाईक जवळ पाहिजे आणि बर्फ पाहिजे. मग दुसऱ्या महायुद्धात सैन्याला लांबच्या तळावर ताजा पाव द्यायचा प्रश्न आला. तिथे फ्रीज कुठला? तेव्हा याच कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी फ्रीजशिवाय टिकणारं ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट तयार केलं. १९७० च्या दशकात इन्स्टंट आलं आणि भिजवायची कटकटही गेली.

यातून काय समजायचं? प्रत्येक नव्या रूपाने एकेक अट काढून टाकली. सूर असेल तर माड पाहिजे. ठोकळा असेल तर फ्रीज आणि जवळचा डीलर पाहिजे. ड्रायला यातलं काहीच नको. ते तयारच झालं लांब राहणाऱ्या, सोयी नसलेल्या माणसासाठी. आजऱ्यात, चंदगडात किंवा गगनबावड्याच्या बाजूला घरून बन विकणाऱ्या ताईची परिस्थिती त्या लांबच्या तळापेक्षा फार वेगळी नाही. डीलर लांब, पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि फ्रीज घरातला एकच, त्यात दूध, भाजी, पोरांचं आइस्क्रीम.

गंमत म्हणजे यीस्ट वाढवायला कारखान्यात मुख्य खाद्य लागतं ते मळी, म्हणजे साखर कारखान्यातून उरणारं मोलॅसिस. आपल्या जिल्ह्यात उसाचं काय महत्त्व आहे ते मी सांगायला नको. कुंभार्ली घाटाखाली चिपळूणजवळ यीस्टचा कारखानाही आहे. म्हणजे माल लांबचा नाही. पण कारखाना घाटाखाली असला म्हणून ठोकळा तुमच्या हातात थंडच येईल असं नाही. गोडाऊन, टेम्पो, दुकान, तुमची पिशवी, स्कूटर, मग फ्रीज. या साखळीत एक कडी गरम झाली तरी नुकसान तुमचंच, आणि ठोकळा बघून ते लगेच कळत नाही.

आता हिशोब. हाच भाग नीट वाचा

समजा तुम्ही एका वेळी २ किलो मैद्याचा पाव करता. साधारण ४५ ग्रॅमचा गोळा धरला तर ७५ पाव होतील. ओलं यीस्ट मैद्याच्या ३ टक्के म्हणजे ६० ग्रॅम लागेल. इन्स्टंट ड्राय त्याच्या एक तृतीयांश, २० ग्रॅम.

भाव मी हिशोबापुरते धरतो, तुम्ही तुमच्या बिलावरचे टाका. ओलं ५०० ग्रॅम ८० रुपये, ड्राय ५०० ग्रॅम २५० रुपये.

नुसता भाव बघितला तर ड्राय तिप्पट महाग वाटतं. पण एका घाण्याला बघा. ओलं ६० ग्रॅम म्हणजे ९ रुपये ६० पैसे. ड्राय २० ग्रॅम म्हणजे १० रुपये. फरक ४० पैशांचा. ७५ पावांत वाटला तर एक पैसासुद्धा नाही वो!

बरं, हे सुद्धा पूर्ण ठोकळा संपला तर. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस ऑर्डर घेता. म्हणजे आठवड्याला १८० ग्रॅम. ५०० ग्रॅमचा ठोकळा संपायला जवळपास वीस दिवस. दुकानात येईपर्यंत त्याचे काही दिवस आधीच गेलेले. शेवटचा भाग जोर कमी झालेला असणार. तुम्ही शहाणपणाने दोन आठवड्यांनी उरलेला १४० ग्रॅम टाकून दिला, तर ८० रुपयांत सहाच घाणे झाले. एका घाण्याला १३ रुपये ३३ पैसे. झालं की नाही ओलं महाग?

आणि टाकून नाही दिला तर? तिथेच खरा तोटा आहे. एक घाणा फसला, पाव दगडासारखे झाले, की मैदा, साखर, तेल, गॅस मिळून २०० रुपये गेले असं धरा. घाण्याला ४० पैसे वाचवून हे २०० रुपये भरून काढायला ५०० घाणे लागतील. आठवड्याला तीन घाणे असतील तर तीन वर्षांहून जास्त. आणि यात तुमची मेहनत धरलेलीच नाही.

गिऱ्हाईक तर त्याहून महाग. आमच्याकडे शिकून गेलेल्या एका ताईंना वाढदिवसाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, १५० बर्गर बन. गल्लीतलीच ऑर्डर. आदल्या रात्री पीठ फुगेना. सकाळी धावपळ करून बाहेरून बन आणून दिले, स्वतःच्या खिशातून. पैसे गेले ते गेले, पण "ताईंचे बन" म्हणून ज्यांनी खायचे होते त्यांनी दुसऱ्याचे खाल्ले. नव्या धंद्यात पहिली दहा गिऱ्हाइकं हेच भांडवल असतं. त्यांच्या जिवावर अकरावं येतं. ते भांडवल ४० पैशांसाठी पणाला लावायचं का, एवढाच प्रश्न आहे.

BBA ला आम्हाला खर्चाचे प्रकार शिकवले होते, फिक्स्ड, व्हेरिएबल वगैरे. दुकानात बसल्यावर एक प्रकार जास्त महत्त्वाचा वाटायला लागला, तो म्हणजे "फसलं तर किती?" हा खर्च. कच्चा माल निवडताना किलोचा भाव शेवटी बघा. आधी बघा, हा माल माझी छोटी चूक पोटात घालतो का? ड्राय यीस्ट घालतं. ओलं घालत नाही.

"पण मोठ्या बेकरीवाले ओलंच वापरतात"

खरं आहे. आणि ते चुकत नाहीत. रोज पोतंभर मैदा लागणाऱ्या बेकरीत ठोकळा फ्रीजमध्ये टिकायचा प्रश्नच येत नाही, आला की संपला. डीलर ठरलेल्या दिवशी माल टाकतो. शिळा निघाला तर ओरडायला त्यांच्याकडे वजन आहे. तिथला कारागीर ठोकळा बोटाने मोडून, वास घेऊन सांगतो, आज थोडं जास्त घाला. ते ज्ञान वीस वर्षांचं आहे. तुम्ही ठोकळा विकत आणू शकता, वीस वर्षं विकत आणू शकत नाही.

ओल्या यीस्टचे गुणही मान्य करू. ते पिठात लगेच, सारखं पसरतं. ड्रायमध्ये वाळवताना काही पेशी मेलेल्या असतात, त्यांच्यातून बाहेर येणाऱ्या घटकामुळे पीठ थोडं सैल पडू शकतं. ओल्यात हे कमी. काही जण चवीचं सांगतात. माझं म्हणणं, चवीचा मोठा भाग पिठाला दिलेल्या वेळेतून येतो. भरमसाठ यीस्ट घालून पाऊण तासात फुगवलेला पाव आणि कमी यीस्टवर निवांत तीन-चार तास ठेवलेला पाव, दोन्ही करून खाऊन बघा. यीस्ट एकच असलं तरी चवीत फरक पडतो. तेव्हा चव पाहिजे तर आधी वेळ वाढवा, यीस्ट बदलायचं नंतर बघू.

मोठ्यांची नक्कल करण्यात अडचण हीच. आपल्याला त्यांचा माल दिसतो, त्यामागची व्यवस्था दिसत नाही. हे यीस्टपुरतं नाही, पॅकिंग, मशीन, उधारी, सगळीकडे लागू आहे.

ड्राय घेतलं म्हणून निष्काळजी होऊ नका

झोपलेले असले तरी ते जीव आहेत. हे नियम पाळा.

१. पाकीट विटेसारखं कडक असेल तरच घ्या. हवाबंद पाकीट मऊ लागलं तर आत हवा गेलेली आहे. तारीख वाचा.

२. महिन्याला अर्धा किलो संपत नसेल तर अर्ध्या किलोचं पाकीट घेऊ नका. छोटं घ्या, थोडं महाग पडलं तरी. सुटं, वजन करून प्लास्टिकच्या पुडीत बांधून दिलेलं यीस्ट तर नकोच. ते कधी फोडलंय हे कुणालाच माहीत नसतं.

३. फोडल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये. बरणीवर फोडल्याची तारीख लिहा. ओला चमचा घालायचा नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली असते की उघडं राहिलेलं पाकीट बघता बघता गेलं समजा.

४. शंका आली की टेस्ट करा. अर्धा कप कोमट पाणी, साधारण ३८ ते ४० अंश, म्हणजे बोट घातलं तर फक्त उबदार लागेल. त्यात एक चमचा साखर, एक चमचा यीस्ट. दहा मिनिटांत वर जाड फेस आला पाहिजे. नाही आला तर त्या यीस्टवर ऑर्डर घेऊ नका. दहा मिनिटं गेली तर गेली, दोन किलो मैदा वाचला.

५. उकळतं पाणी नको आणि बर्फाचं पाणीही थेट यीस्टवर नको. ५५ ते ६० अंशाला यीस्ट मरतं. अति थंड पाण्यात इन्स्टंटचे दाणे नीट जागे होत नाहीत. एप्रिल-मे मध्ये थंड पाणी घ्यावंच लागतं, तेव्हा यीस्ट आधी कोरड्या मैद्यात मिसळून घ्या, मग पाणी. मळून झालेल्या पिठाचं तापमान २६ ते २८ अंशाच्या आसपास आलं की काम सोपं. शंभर-दोनशे रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. चमच्याच्या मापावर धंदा होत नाही.

६. गोड बन, डोनट करणार असाल, साखर मैद्याच्या १० टक्क्यांच्या वर जाणार असेल, तर गोड पिठासाठीचं वेगळं इन्स्टंट यीस्ट मिळतं ते मागा. जास्त साखर साध्या यीस्टचं पाणी ओढून घेते आणि ते मंद पडतं. पुष्कळ जण इथे यीस्टला शिव्या घालतात, दोष प्रकाराचा असतो.

७. मीठ आणि यीस्ट एकाच जागी एकावर एक टाकू नका. मैद्यात वेगवेगळ्या बाजूला घालून मिसळा.

आणि कुठल्या जुन्या वहीतली रेसिपी ओल्या यीस्टवर लिहिलेली असेल तर टाकून देऊ नका. ओलं तीन भाग, इन्स्टंट एक भाग. ओल्यातलं पाणी कमी झालं ते वरून घाला. ६० ग्रॅम ओल्याच्या जागी २० ग्रॅम ड्राय घातलं तर साधारण ४० मिली पाणी जास्त. हे पाणी विसरलं की पीठ घट्ट होतं आणि पाव कोरडा.

मग ओल्याकडे कधी जायचं?

तीन गोष्टी जुळल्या की बिनधास्त जा.

पहिली, ठोकळा चार दिवसांच्या आत संपायला लागला. म्हणजे रोज, खंड न पडता, चार-पाच किलो मैदा. लग्नसराईतला एक आठवडा मोजू नका, सलग तीन महिने बघा.

दुसरी, डीलर ठरलेल्या वाराला थंड माल देतो आणि तारीख दाखवतो. "आहे की चांगलंच" हे उत्तर चालणार नाही. चांगला ठोकळा फिकट, एकसारखा असतो, मोडला की चुरा होऊन तुटतो, वास ताजा येतो. कडा तपकिरी, हाताला चिकट, वास उग्र, तर परत करा.

तिसरी, धंद्यासाठी वेगळा फ्रीज आहे, आणि वीज गेली तरी चार-सहा तास झाकण न उघडता भागतं.

आणि त्या दिवशीसुद्धा ड्रायचं एक न फोडलेलं पाकीट कपाटात असू द्या. डीलरचा टेम्पो आला नाही, रस्ता पाण्याखाली गेला, तर ऑर्डर थांबणार नाही. आपल्या जिल्ह्याने २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितलाय. पंचगंगा रस्त्यावर आल्यावर काय काय बंद होतं हे कोल्हापूरकराला शिकवायला नको.

या आठवड्यात काय करायचं

ज्यांचं अजून "करू करू" चाललंय त्यांच्यासाठी. इन्स्टंट ड्राय यीस्टचं एक छोटं पाकीट आणा. अर्धा किलो मैद्याचे चार घाणे करा, चार वेगळ्या दिवशी, एकाच मापाने. वहीत लिहा: तारीख, खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, यीस्ट किती ग्रॅम, फुगायला किती वेळ, पाव कसा झाला. चारही वेळा पाव सारखा झाला, की शेजारी द्या, मत विचारा. मग FSSAI ची नोंदणी करून घ्या, घरून विकलं तरी ती लागते. फॉस्कॉस पोर्टलवर ऑनलाइन होते, सध्याची फी आणि उलाढालीची मर्यादा तिथेच बघा, कुणा एजंटच्या तोंडावर विश्वास नको. आणि मग पहिली ऑर्डर घ्या. छोटी घ्या, पंचवीस पावांची.

गिऱ्हाईक तुम्हाला कधी विचारणार नाही की यीस्ट ओलं होतं की ड्राय. ते एवढंच बघतं, गेल्या रविवारी जसा पाव होता तसाच या रविवारी आहे का. दर रविवारी तसाच देता आला की तुमचं नाव होतं, आणि नाव झालं की भाव मिळतो. पहिल्या वर्षी तुम्हाला तोच सारखेपणा कमवायचाय, आणि त्यासाठी आज तरी ड्राय यीस्टएवढा भरवशाचा जोडीदार नाही.

ओलं वापरून वर्षभर नियमित, चांगला पाव देणारे घरगुती व्यावसायिक कुणी असाल तर तुमचा रोजचा खप आणि फ्रीजची व्यवस्था जरूर कळवा. माझ्या मताला छेद देणारा हिशोब असेल तर तो पुढच्या व्हिडिओत सगळ्यांना दाखवू. नुसतं "आमच्याकडे पूर्वीपासून ओलंच" एवढं नको. आकडे पाठवा.

भेटू पुढच्या भागात. विषय आहे पावाची किंमत कशी ठरवायची. वही-पेन घेऊन बसा.